पाच गावं, एक पंचायत? : आंबागडहून मांडलेला हिशेब

या अंकासाठी ‘काहीतरी टेक्निकल लिही’ असं बजावण्यात आलं होतं, आणि मी लिहितोय ग्रामपंचायतीवर. पण पान उलटू नका. यात पंप आहे, पाइप आहे, सेकंड इयरला सगळ्यांना छळलेला घातांकही आहे. शिवाय स्टाफपैकी ज्यांचं गाव अजून कागदोपत्री ‘गाव’ आहे, त्यांना हा विषय उद्या दारात भेटू शकतो.

प्रश्न साधा आहे. लहान लहान स्थानिक संस्था (मग त्या ग्रामपंचायती असोत वा नगरपरिषदा) एकत्र करून एक मोठी संस्था केली, तर कारभार सुधारतो का? ‘एकीचे बळ’ हे आपण तिसरीपासून शिकत आलोय, त्यामुळे उत्तर ‘हो’ असंच वाटतं. मी हे गणित माझ्या भागासाठी, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातल्या आंबागडच्या परिसरासाठी मांडून बघितलं. उत्तर इतकं सरळ आलं नाही.

ज्यांना आंबागड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सातपुड्याच्या टोकाच्या डोंगरांत आमचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, साधारण १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजा खान याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं विषारी पाणी प्यायला लावत, असं सांगतात. खरं-खोटं किल्ल्याला माहीत. पण त्या काळी आंबागड हे कारभाराचं ठिकाण होतं आणि आजूबाजूची खेडी त्याच्याकडे बघत होती. आज उलटं आहे. दाखला असो, बँक असो की दवाखाना, आम्हीच काळीपिवळीत बसून तुमसरकडे बघतो.

म्हणजे ‘मोठं केंद्र आणि लहान गावं’ हा खेळ आमच्याकडे जुना आहे. इंग्रजी अमलात भंडारा, तुमसर आणि पवनी या तिन्ही ठिकाणी १८६७ मध्ये नगरपालिका आल्या, हे आमच्या जिल्ह्यातही फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे जनपद सभा. आपला भाग तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. १९४८ च्या कायद्याने तिथल्या जिल्हा कौन्सिल आणि लोकल बोर्डं मोडून तहसील पातळीवर एकच ‘जनपद सभा’ आणली गेली. योजना द्वारकाप्रसाद मिश्र यांची. संपूर्ण प्रांतात अशी ९६ जनपदं झाली. आमच्या जिल्ह्यात तेव्हा भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या, आणि आंबागड भंडाऱ्याच्या तहसिलीत होतं. कल्पना तशी झकास होती. जिल्हा फार मोठा, गाव फार लहान, म्हणून मधला तुकडा घ्यायचा, आणि शहर व खेडी एका सभेत बसवायची. पण पैशाची चणचण होती, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी होते डेप्युटी कमिशनर, म्हणजे किल्ली सरकारच्याच हातात. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर जनपद सभा इतिहासजमा झाली. थोडक्यात, ‘एकक केवढं असावं’ हा वाद आमच्याकडे पंचाहत्तर वर्षांहून जुना आहे.

महाराष्ट्रात काय काय जोडलं गेलं

आपल्या राज्यात असे प्रयोग भरपूर झालेत. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महानगरपालिका झाली. नकाशावर बघितलं तर निर्णय पटतो, कारण मधली मोकळी जागा भरतच चालली होती. पण कुपवाडकरांचा ड्रेनेजचा प्रश्न त्यानंतर दोन दशकं गाजत राहिला. तीन घरं एक झाली, तिसऱ्याच्या खोलीत नळ यायचा राहिला, असा हा प्रकार.

वसई-विरारचं प्रकरण जास्त तापलं. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि पन्नासहून जास्त गावं मिळून महापालिका झाली. गावांनी मोठं आंदोलन केलं. २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळायचं ठरवलं आणि मग ते सगळं वर्षानुवर्षं कोर्टात अडकलं. कल्याण-डोंबिवलीत २७ गावं २००२ मध्ये बाहेर काढली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. पुण्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ मध्ये महापालिकेत गेली, कराचा बोजा आणि न मिळालेल्या सोयी यांवरून कुरबूर सुरू झाली, आणि २०२४ मध्ये त्या दोघांची मिळून स्वतंत्र नगरपरिषद झाली. बघा, सीमा म्हणजे पेन्सिलची रेघ समजून खोडत बसलेत! फरक इतकाच, की प्रत्येक खोडण्यात दोन-तीन अर्थसंकल्पी वर्षं वाया जातात. त्या काळात रस्ता कुणी करायचा हे कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण त्यामानाने शांत आहे. मोहाडी, लाखनी, लाखांदूर या तालुक्याच्या गावांना २०१५ मध्ये नगरपंचायती मिळाल्या. साकोलीचं मात्र वेगळं झालं. साकोली आणि लागून असलेलं सेंदूरवाफा मिळून एक नगरपरिषद झाली आणि नावातही दोघांना जागा मिळाली : साकोली-सेंदूरवाफा. कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावरून बसने गेलात तर एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे कंडक्टरला विचारावं लागेल. हे ‘लागून असणं’ ध्यानात ठेवा, पुढच्या गणितात तेच कामी येणार आहे.

आता पंप

आपल्याकडे प्लांट डिझाइनमध्ये एक ठोकताळा शिकवतात. क्षमता वाढली की खर्च त्याच प्रमाणात वाढत नाही, साधारण ०.६ घाताने वाढतो. म्हणजे टाकी दुप्पट केली तर खर्च दुप्पट न होता दीडपट होतो. एकत्रीकरणवाल्यांचा सगळा युक्तिवाद खरं तर या एका घातांकात मावतो.

समजा, आमच्या भागातली पाच गावं घेतली, प्रत्येकी १५०० वस्तीची. (आकडे गणितापुरते धरलेत, जनगणना काढून भांडू नका.) जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं तर एका गावाला ८२,५०० लिटर लागतात आणि पाचांना मिळून ४,१२,५०० लिटर. एका गावाची विहीर, पंप, शुद्धीकरण आणि टाकी यांचा खर्च आपण ‘१’ मानू. पाच गावांनी वेगवेगळी योजना केली तर खर्च ५. एकच मोठी योजना केली तर ५ चा ०.६ वा घात, म्हणजे सुमारे २.६३. बचत २.३७, जवळजवळ निम्मी! इथपर्यंत आलं की पॉवरपॉइंटवर टाळ्या पडतात आणि प्रेझेंटेशन संपतं.

पण पाणी टाकीत थांबत नाही ना. ते बाकीच्या चार गावांना पोचवायला पाइप लागतो. तो जंगलाच्या कडेने, नाल्यावरून, बोडीच्या पाळीवरून न्यावा लागतो. समजा एक किलोमीटर पाइपलाइनचा खर्च त्याच हिशेबात ०.२ आहे आणि मधल्या गावापासून बाकीची चार गावं सरासरी तीन-तीन किलोमीटरवर आहेत. बारा किलोमीटर गुणिले ०.२, झाले २.४. बचत २.३७ ची होती. पाइपनेच खाऊन टाकली. त्यावर घर्षणाचा हेड लॉस, चढाचा पंप, महिन्याचं वीजबिल, आणि शेवटच्या टोकाच्या गावाला दाब न मिळाल्यामुळे होणारी भांडणं वेगळी.

म्हणजे आपल्या धरलेल्या आकड्यांनुसार गावं सरासरी तीन किलोमीटरच्या आत असली तर एकत्र योजना स्वस्त, पलीकडे गेली की महाग. साकोली-सेंदूरवाफ्यात हे अंतर जवळजवळ शून्य आहे. आंबागडच्या डोंगरपट्टीत ते तसं नाही. जो उपाय महामार्गावरच्या जोडगावांना लागू पडतो, तोच डोंगराच्या कुशीतल्या टोल्यांना लावला तर उत्तर चुकणारच. प्रादेशिक पाणीपुरवठा योजना जिथे जिथे थकीत वीजबिलामुळे बंद पडल्याच्या बातम्या येतात, तिथे नकाशा काढून गावांमधली अंतरं बघा. बरंच काही कळतं.

आता याच्या विरुद्ध बाजूचाही पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात, ते कोहळी लोकांच्या कसबातून उभे राहिले. या तलावाचं पाणी येतं एका गावाच्या शिवारातून, साठतं दुसऱ्याच्या हद्दीत आणि धान पिकवतं तिसऱ्याच्या बांधीत. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे असतात. वरच्या गावाने झाडी तोडली की खालच्या गावाच्या तलावात गाळ येतो, आणि खालच्या ग्रामपंचायतीला वरच्या गावात काही बोलायचा अधिकार नसतो. इथे एकक मोठं हवं, यात वाद नाही. पण ‘मोठं’ म्हणजे पाणलोटाएवढं मोठं. पाणलोटाची रेघ आणि पंचायतीची रेघ जुळेलच असं नाही.

माणसांचं गणित

हे सगळं मी सुट्टीत मोठेबाबांना समजावून सांगत होतो. त्यांनी ०.६ घात शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “अरे बाप्पा, गावं एक करा का धा करा, सचिव त आठवड्यातून एकच रोज येते. त्याच्यापाशी आधीच तीन गावं हायेत. तुह्या हिशेबात एकीकरण त कवाचंच झालं!”

आमच्याकडे ग्रामसेवकाला ‘सचिव’च म्हणतात. शासनाने २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं, पण मोठेबाबांसाठी तो सचिवच राहणार. त्यांच्या बोलण्यात मुद्दा होता. कर्मचाऱ्यांच्या पातळीवर लहान पंचायती आधीच वाटून खातात. एका माणसाकडे तीन दप्तरं, तीन शिक्के, तीन मासिक सभा. एकच पंचायत झाली तर निदान दप्तर एक होईल आणि पूर्ण वेळ अधिकारी, एखादा अभियंता, एखादा हिशेबनीस ठेवता येईल. लहान पंचायतीला स्वतःचा ज्युनिअर इंजिनिअर परवडत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीत खेटे घालावे लागतात. आपल्यातल्या सिव्हिलवाल्यांनी याकडे नोकरीच्या दृष्टीनेही बघावं. गंमत नाही, खरंच सांगतोय.

पण दुसरं पान उघडा. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे १५०० वस्तीपर्यंत ७ सदस्य असतात आणि ६००१ ते ७५०० वस्तीला १५. आपली पाच गावं वेगळी असताना ३५ सदस्य आणि ५ सरपंच होते. एकत्र झाल्यावर १५ सदस्य आणि १ सरपंच. आधी साधारण २१४ माणसांमागे एक सदस्य होता, आता ५०० माणसांमागे एक. ज्या टोल्यात चाळीस घरं आहेत, तिथला एखादा माणूस आधी निवडून येऊ शकत होता. आता त्याचा टोला मोठ्या वॉर्डाचं शेपूट होतो. निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, म्हणजे पस्तिसांत सतरा-अठरा बायका होत्या, त्या सात-आठ होतील. आमच्याकडे बचत गटातून पुढे येऊन पंचायतीत बसलेल्या बायकांना हे आकडे सांगून बघा, त्या घातांक मांडत बसणार नाहीत.

याहून बोचरी गोष्ट ग्रामसभेची आहे. ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तो. दीड हजार वस्तीच्या गावात मतदार हजारेक धरा. तिथे १०० माणसं म्हणजे दहातला एक. साडेसात हजारांच्या पंचायतीत मतदार पाचेक हजार, आणि कोरम तोच १०० चा, म्हणजे पन्नासातला एक. सभा मुख्य गावात भरली तर ती शंभर माणसं कुठून येतील? मुख्य गावातूनच. बाकीच्या चार गावांचा ठराव ती मंडळी चहा पिऊन पास करतील आणि कायद्याने सगळं बरोबर असेल.

हे कोरडं वाटत असेल तर आपल्या मेसचं बघा. उद्या कुणी म्हणालं की चार होस्टेलच्या चार मेस मोडून एकच मोठी मेस करू, तर आचारी कमी लागतील, गॅस वाचेल, भाजी ठोक भावाने येईल. हिशेबात सगळं खरं. पण आज वरणात मीठ जास्त झालं तर तुम्ही थेट महाराजांना हाक मारता. एका मेसमध्ये हजार पोरं झाल्यावर तक्रार वहीत लिहावी लागेल, वही मेस सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी रेक्टर सरांकडे... तोवर वरण संपलेलं असेल. आणि लांबच्या ब्लॉकमधले फर्स्ट इयरचे लोक पावसात येणारच नाहीत, मॅगीवर राहतील. (बिल मात्र सगळ्यांना सारखं!)

बाहेर काय झालं

जपानने हा प्रयोग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केला. मेइजी काळात, १८८८-८९ मध्ये, तिथली ७१ हजारांवर गावं-शहरं एका फटक्यात १६ हजारांच्या आत आली. १९५३ नंतर दुसरी लाट आली. तिसरी लाट १९९९ पासूनची : ३,२३२ च्या १,७२७ झाल्या, २०१० पर्यंत. तिथे सरकारने जबरदस्ती न करता आमिष दाखवलं. एकत्र व्हा, खास कर्जरोखे काढा, परतफेडीतला ७० टक्के भार केंद्राच्या अनुदानातून मिळेल. लग्नात हुंडा मिळतोय म्हटल्यावर वरातींची रांग लागली.

डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. लक्ष्य होतं किमान २० हजार वस्तीचं. तिथे संशोधकांनी पुढे नीट मोजमाप केलं. कार्यालयीन खर्चात काही बचत झाली, पण शाळा, रस्ते, वृद्धांची सेवा असा सगळा खर्च धरला तर एकूण बचत ठामपणे दिसली नाही. आणि ‘गावच्या कारभारातलं मला कळतं, माझ्या बोलण्याला किंमत आहे’ ही नागरिकांची भावना कमी झाली. एवढ्या श्रीमंत, सपाट आणि शिस्तीच्या देशात हे झालं.

फ्रान्सचा रस्ता मला जास्त आवडला. तिथे आजही सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, त्यातली कित्येक आपल्या टोल्याएवढी. १९७१ मध्ये त्यांना एकत्र आणायचा कायदा केला, पण तो फसला. मग त्यांनी गावं तशीच ठेवली आणि पाणी, कचरा, वाहतूक अशी जड कामं गावांच्या संघाकडे दिली. महापौर गावात राहिला, कचऱ्याची गाडी संघाची झाली.

आपल्या कायद्यातही दोन-तीन पंचायतींनी मिळून संयुक्त समिती करायची सोय आहे. वापर मात्र क्वचित होतो, कारण त्यात कुणाचा फोटो येत नाही.

माझं मत विचाराल तर आंबागडच्या पट्ट्यात पंचायती मोडू नयेत. अभियंता, हिशेबनीस, पंपदुरुस्तीची गाडी, घनकचरा ही कामं चार-पाच गावांनी मिळून ठेवावीत. ग्रामसभा आणि सरपंच गावागावात राहू द्यावेत. तलावासाठी पाणलोटाप्रमाणे वेगळी समिती करावी. जिथे घराला घर लागलंय, नाली एकाची आणि तुंबते दुसऱ्याकडे, तिथे साकोली-सेंदूरवाफ्यासारखं खुशाल एक व्हावं. तेही आधी कर किती वाढेल आणि ग्रामीण योजनांचं काय होईल हे लेखी सांगून. गाव नागरी हद्दीत गेलं की ग्रामीण रोजगाराच्या योजनेचं काम तिथे मिळत नाही. धान कापून झाल्यावर ज्याच्या हाताला तेच काम असतं, त्याच्यासाठी ‘शहर झालो’ ही बातमी पेढे वाटायची नसते.

एवढं वाचून कुणाच्या गावात असा प्रस्ताव आलाच, तर एक करा. ग्रामपंचायतीची हद्द बदलताना संबंधित पंचायतीचं मत घ्यावं लागतं, आणि नगरपरिषद करताना मसुदा काढून हरकती मागवाव्या लागतात. तो कागद पंचायतीच्या फळ्यावर लागतो आणि बहुतेक वेळा आपण तेव्हा इथे होस्टेलवर सबमिशन लिहीत असतो. घरी फोन करून फळा बघायला सांगा. कागद असेल तर फोटो मागवा, गावांमधली अंतरं मोजा, पंप कुठे बसणार ते विचारा, आणि ग्रामसभा कोणत्या गावात भरणार हेही हरकतीत लिहून टाका.